उन्हात मांडलेली खाण

"हे चित्र काढताना माणसाची पाठ कुणीकडे होती?"

वैरागडे मॅडमनी हा प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा ठवकर साहेबांनी कपबशी टेबलावर आपटली.

"मॅडम, पाठ कुठं असणार? पाठीमागंच असंल ना!"

मी खिडकीशी उभा होतो. हसू दाबता दाबता जीव नकोसा झाला. हसलो असतो तर नोकरी गेली असती, अन् नोकरी तशीही जायच्याच बेतात होती. माझीच नाही, सगळ्यांचीच.

तुमसरच्या पलीकडं, पिपरटोल्याला आमची मँगनीजची खाण. धातूचा काळा थर बोगद्यात पातळ होत होत एके दिवशी संपलाच. पुढं नुसता चमचमता अभ्रकाचा दगड. थर घडी होऊन वळलाय अन् कुठंतरी पुन्हा सापडणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तिकडचे सगळेच दगड कधीकाळी दाबले जाऊन चुरगाळलेले. पण वळलाय कुठं? दक्षिणेला म्हणून दोन बोर मारले, दोन्ही कोरे गेले. आता मुख्य कचेरीनं आणखी एकच बोर मंजूर केला होता. तो कोरा गेला की खाणीला कुलूप. वसाहत, शाळा, दवाखाना, सगळं त्या एका भोकावर अडकलं होतं.

ठवकर साहेब आमचे मॅनेजर. बाप त्याच खाणीत घमेली उचलायचा, हे स्वतः मजुरीपासून चढत चढत खुर्चीपर्यंत आलेले. त्यांनी तिसऱ्या बोरची जागा ठरवूनही टाकली होती: आणखी दक्षिणेला, नाल्याच्या काठी. तेवढ्यात कचेरीची तार आली, घड्यांचे तज्ज्ञ डॉ. एस. वैरागडे नागपूरहून येत आहेत, त्यांच्या सल्ल्याशिवाय मशीन हलवू नये. मी जीप घेऊन स्टेशनवर गेलो तर डब्यातून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. सुती पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, खांद्याला झोळी अन् झोळीतून हातोड्याचा दांडा बाहेर आलेला.

"तुम्ही गिरेपुंजे ना? चला, उशीर झालाय," म्हणाल्या अन् पुढं बसल्या.

ठवकर साहेबांनी त्यांना बघितलं अन् मला बाजूला घेतलं. "काहो गिरेपुंजे, ह्या खाली कशा उतरतील? कायदा हाय ना बाप्पा!"

होताच कायदा. त्या काळी बाईमाणसाला खाणीत जमिनीखाली कामाला नेता येत नसे. आता बदललंय ते, आता पोरी हेल्मेट घालून उतरतात, चांगलं वाटतं बघून. पण तेव्हा नव्हतं. म्हणजे आत काय आहे ते सांगायला आलेल्या बाईंनी बाहेर बसायचं, अन् आम्ही आत जाऊन आलेल्यांनी तोंड बघत राहायचं! ठवकर साहेब मनातून खूश झाले असावेत. दोन दिवस चहापाणी करायचं, जीपमध्ये बसवून द्यायचं, अन् बोर नाल्याकाठी मारायचा.

बाईंनी मात्र आल्या आल्या बोगद्याची सगळी चित्रं मागवली. माझ्या आधीच्या भूवैज्ञानिकानं उईके मेटला, म्हणजे आतल्या टोळीच्या म्होरक्याला, सोबत घेऊन भिंतीवरच्या बारक्या बारक्या घड्यांची चित्रं काढून ठेवली होती. बोटभर, वीतभर घड्या. चित्रं सुरेख होती. फक्त त्यांचा मेळ बसत नव्हता. काही घड्या इंग्रजी एस अक्षरासारख्या, काही झेडसारख्या, अन् दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या.

"पाठीमागं पाठ, ते कळलं," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण भिंत कुठली? पूर्वेची की पश्चिमेची?"

"त्यानं काय फरक पडतो? दगड तोच, घडी तीच," ठवकर साहेब म्हणाले.

बाईंनी झोळीतून पारदर्शक कागद काढला. त्यावर शाईनं ठसठशीत एस काढला अन् कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"काय दिसतंय?"

"एस."

"आता इकडून या. माझ्या बाजूनं."

साहेब उठून टेबलाला वळसा घालून गेले. मीही गेलो. मागून बघितलं तर तो झेड होता.

"घडी तीच, साहेब. बघणारा फिरला. बोगद्याची एक भिंत म्हणजे कागदाची ही बाजू, दुसरी भिंत म्हणजे ती. एका भिंतीवर एस दिसणारी घडी समोरच्या भिंतीवर झेड दिसते. म्हणून विचारते, पाठ कुणीकडे होती."

उईके मेट दारात उभा होता. त्याला आत बोलावलं.

"मेट, चित्रं काढायला तुम्ही कंदील धरून होतात ना? कुठली भिंत काढायचे साहेब?"

"डाव्या हाताची जी," मेट म्हणाला. "जाताना डावी भिंत, येताना बी डावीच. मधातून धातूचे डबे जात-येत राहातेत ना, रुळावर. खाणीची रीतच हाय, डावीकडून चालाचं, डावीकडंच थांबाचं."

मी कपाळावर हात मारला. जातानाची डावी म्हणजे पश्चिमेची भिंत, येतानाची डावी म्हणजे पूर्वेची! वर्षानुवर्षं रीतसर, शिस्तीत, डबा अंगावर येऊ नये म्हणून सगळी खिचडी करून ठेवलेली. अन् अमुक चित्र जातानाचं की येतानाचं, हे आता कोण सांगणार?

"ही चित्रं बाजूला ठेवा," मॅडम म्हणाल्या. "मला दगड पाहिजेत."

"मॅडम, दगड तर खाली हायेत," साहेब म्हणाले.

"मला खाली नेता येत नाही, बरोबर? दगडाला वर आणायला कुठला कायदा आडवा येतो?"

झालं! दुसऱ्या दिवसापासून मी अन् उईके मेट बोगद्यात. बाईंनी पद्धत घोटून घेतली होती. दगड फोडण्याआधी तो भिंतीत असतानाच त्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं दोन बाण काढायचे. एक वर, छताकडं. दुसरा बोगद्याच्या तोंडाकडं. उत्तर दिशा नको, कारण रुळांजवळ होकायंत्र वेडं होतं. तोंड कुठं आहे ते मात्र खाणीत कुणीही डोळे झाकून सांगतो. मग भिंतीचं नाव, अन् तोंडापासूनचं अंतर. मगच छिन्नी लावायची. दगड पाट्याएवढे मोठे पाहिजेत, घडी अख्खी पाहिजे, कोपरा उडाला तर परत जायचं. आम्ही परत परत गेलो. पहिल्या दिवशी मी त्यांना मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं सांगण्यासारखं नाही.

आम्ही वर येईपर्यंत बाई बोगद्याच्या तोंडाशी दगडावर बसून असायच्या. डबा बाहेर आला की उठून पुढं यायच्या, अन् दगडाआधी आम्हालाच प्रश्न.

"आत हवा कशी आहे? गार?"

"ओलसर आहे."

"वास कसला येतो?"

"मातीचा. अन् दारूचा. सुरुंगाच्या."

"कंदील भिंतीच्या जवळ नेला की अभ्रक चमकतं ना? छतापर्यंत?"

"हो, चमकतं."

त्या मान हलवायच्या अन् आतल्या काळोखाकडं बघत राहायच्या. तीस वर्षं घड्यांवर शिकवलेलं, देशभरचे डोंगर पायांखाली घातलेले, पण खाणीच्या आतून घडी कशी दिसते ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं. हे त्यांनी मला सांगितलं नाही. मला ते दिसत होतं, अन् बघवत नव्हतं.

मग बाईंनी वसाहतीच्या व्हॉलीबॉलच्या मैदानावर चुन्याची फक्की मागवली अन् बोगदा आखला. जेवढा लांब तेवढाच लांब, जेवढा रुंद तेवढाच रुंद, खालच्यासारखाच उत्तर-दक्षिण. मैदान पुरलं नाही. फक्की क्लबच्या व्हरांड्याखालून गेली, पलीकडं साहेबांच्या बंगल्याच्या परसात शिरली अन् वांग्याच्या वाफ्यातून आरपार निघाली. ठवकर वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"वांगी तोडून घ्या वहिनी," मॅडम म्हणाल्या. "उद्या इथं पूर्वेची भिंत येणार आहे."

रेतीचे लहान लहान ढीग करून त्यावर एकेक दगड मांडला. वरचा बाण आभाळाकडं, दुसरा बाण तोंडाकडं, ज्या भिंतीतला त्या रेषेवर. अख्खी वसाहत बघायला लोटली. तर्री-पोह्याचा ठेलाही तिथंच आला. कुणीतरी म्हणालं, "बाईनं खाण उन्हात वाळत घातली बा!" अन् तेच नाव पडलं. मुकादमसुद्धा मला विचारायचे, "काय गिरेपुंजे साहेब, वाळली का खाण?"

मी चिडायचो. मॅडम नाही चिडायच्या. त्या पदर खोचून प्रत्येक दगडाशी उकिडव्या बसायच्या अन् पट्टीनं घडीची जाडी मोजायच्या. एकदा मला जवळ बसवलं.

"घड्या दोन जातींच्या असतात, गिरेपुंजे. म्हणजे जाती पुष्कळ आहेत, पण तुम्हाला दोन पुरेत. पहिल्या जातीत थर कुठंही मोजा, जाडी तेवढीच. गादी दुमडली तर कशी दुमडते, तशी. दुसऱ्या जातीत थर बाजूंना ताणून पातळ होतो अन् सगळा ऐवज वळणावर जाऊन साठतो. आता ही मोजा."

मी मोजली. बाजूला पट्टीवर जेमतेम एक रेघ. वळणावर त्याच्या कितीतरी पट.

"दुसरी जात," मी म्हणालो.

"मग तुमचा धातूचा थर संपलाय का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थर संपला नव्हता. आम्ही मोठ्या घडीच्या बाजूवर होतो, तिथं तो ताणून ताणून कागदासारखा झाला होता. त्याचा ऐवज वळणावर होता. वळण सापडलं की सगळं सापडणार.

"अन् वळण कुठं?"

"ते लहान घड्या सांगतील. त्या मोठ्या घडीची पिल्लं असतात. सगळी एकाच बाजूला झुकलेली असतात, अन् ज्या बाजूला झुकतात तिकडं मोठ्या घडीचा माथा. फक्त सगळ्यांकडे एकाच दिशेनं बघायचं."

मग त्यांनी मला पश्चिमेला उभं केलं, तोंड पूर्वेकडं. दोन्ही रेषांवरचे दगड तिथूनच बघायचे. पूर्वेच्या रेषेवरचे पुढून, पश्चिमेच्या रेषेवरचे मागच्या अंगानं. मी चालत चालत वाचत गेलो. एस. एस. एस. पुन्हा एस. झेडचं नाव नाही! अंगावर काटा आला माझ्या. इतकी वर्षं जी खिचडी म्हणून आम्ही डोकं धरून बसलो होतो ती खिचडी नव्हतीच. सगळे दगड एकच गोष्ट सांगत होते: माथा उत्तरेला आहे. अन् आम्ही दोन्ही बोर दक्षिणेला मारले होते.

शेवटाकडं एकच दगड झेड निघाला. वांग्याच्या वाफ्यातला.

"जाऊ द्या मॅडम, एकच आहे," मी म्हणालो. आनंदात होतो ना.

त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"एकटा विरुद्ध बोलतो म्हणून त्याला हाकलायचं? तोच खरा असला तर? जा, त्याची जागा बघून या."

पुन्हा खाली. मेटनं जागा दाखवली अन् जीभ चावली. तो दगड भिंतीचा नव्हताच. छतातून कधीतरी निखळून भिंतीला टेकून पडलेला, अन् घाईत त्यावरच बाण रंगवलेले. वर येऊन सांगितलं तेव्हा मॅडमनी तो दगड स्वतः उचलून रेषेबाहेर ठेवला. आता त्या निर्धास्त दिसल्या. मी त्यांच्या जागी असतो तर तो दगड गुपचूप वांग्याच्या झाडाखाली ढकलला असता, खरं सांगतो.

पण बोर मारायचा हुकूम द्यायचा होता तो ठवकर साहेबांनी, अन् ते मैदानाकडं फिरकले नव्हते. "खाण खाली असते, व्हॉलीबॉलच्या मैदानावर नाही," हे त्यांचं पालुपद. मशीन नाल्याकाठी नेऊन उभं करा, असंही मुकादमाला सांगून बसले होते. संध्याकाळी मॅडमच त्यांच्या बंगल्यावर गेल्या.

"साहेब, एकदा माझ्याबरोबर चाला. तोंडापासून शेवटापर्यंत. मग तुम्ही म्हणाल तिथं मशीन न्या."

साहेब निघाले. हात मागं बांधलेले, चेहरा असा की कुणीतरी फसवून देवळात आणलंय. चुन्याच्या दोन रेषांमधून दोघं चालू लागले, मागून मी. साहेब डाव्या अंगानं चालत होते, आपसूक. एकेका दगडापाशी त्यांची चाल मंदावायला लागली.

"हा... हा जुन्या पंपाजवळचा नं?"

"हो," मी म्हणालो.

"अन् ह्या भिंतीला पाणी झिरपते नं?"

"मला कसं ठाऊक असणार?" मॅडम म्हणाल्या. "तुम्हीच सांगा."

साहेब बोलायला लागले. इथं अमकं झालं, इथं तमका दबला होता, बापानं मला पहिल्यांदा इथवर आणलं होतं. बोलता बोलता क्लबच्या पलीकडं एका जागी ते चालता चालता खाली वाकले. मान घालून, खांदे आवळून. डोक्यावर मोकळं आभाळ होतं, अन् माणूस वाकला. खाली बोगद्यात नेमकं तिथंच छत उतरतं.

वाकल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. सरळ झाले. माझ्याकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं. मॅडम हसल्या नाहीत.

"दाखवा," साहेब म्हणाले. "तुमच्या घड्या दाखवा."

पश्चिमेला उभं राहून त्यांनी स्वतः सगळ्या घड्या बघितल्या. अंधार पडायला आला तेव्हा शेवटच्या दगडाशी आले.

"उत्तरेला?"

"उत्तरेला. शाळेच्या मागं, बोरींच्या झाडांपाशी."

"अन् कोरा गेला तर, मॅडम? तुम्ही नागपूरला जाल. मला या लोकांना तोंड दाखवा लागंल."

"मला दिसतंय ते. म्हणून तर एकेका दगडासाठी पोरांना पुन्हा पुन्हा खाली पाठवलं." त्यांनी पट्टी झोळीत टाकली. "कोरा गेला तर मीच मैदानावर उभी राहून सांगेन, माझं चुकलं. तुम्हाला एकट्याला उभं राहावं लागणार नाही."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "गिरेपुंजे, मशीन शाळेमागं न्या."

बोर सुरू झाला. नळीतून दगडाच्या कांड्या बाहेर यायच्या, मी धुवून पेटीत ओळीनं लावायचो. मॅडम भिंग घेऊन बसलेल्या. शाळा सुटली की पोरं, पाळी सुटली की मजूर, सगळे तारेच्या कुंपणाला चिकटून उभे. अभ्रकाचा दगड, अन् पुन्हा अभ्रकाचा दगड. मॅडमनी सांगितलेली खोली आली अन् गेली. कुंपणापाशी कुजबुज सुरू झाली. एका बाईनं डोळ्याला पदर लावला. साहेब येरझाऱ्या घालत होते.

"मॅडम, थांबवायचं का?" साहेबांनी विचारलं.

"थांबा जरा." त्या एका कांडीवर वाकल्या होत्या. "कांडीत एस की झेड ते कळत नाही, ती नळीत फिरते. पण घडी लंगडी आहे की दोन्ही पाय सारखे, एवढं कळतं. आतापर्यंत सगळ्या लंगड्या होत्या. ही बघा."

मी भिंग लावलं. बारीकशी घडी, दोन्ही बाजू अगदी सारख्या. इंग्रजी एमसारखी.

"ही कुठल्याच बाजूला झुकत नाही," मी म्हणालो.

"कारण झुकायला बाजूच उरली नाही. आपण माथ्यावर आलोय, गिरेपुंजे." त्यांनी भिंग मिटलं. "मारा पुढं, साहेब. मी खोली चुकले. जागा नाही चुकले."

पुढची कांडी निम्मी काळी आली. त्यापुढची सगळी काळी. त्यापुढचीही. हातात घेतली तर जड, लोखंडासारखी. कुंपणापलीकडून जो काय ओरडा झाला तो अजून माझ्या कानात आहे. ठवकर साहेब मातीत मांडी घालून बसले अन् ती काळी कांडी मांडीवर घेऊन लहान पोरासारखे रडले. मॅडम बाजूला उभ्या राहून पदरानं भिंग पुसत होत्या. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं अन् मी पडलो. "उठा, उठा, पेटीत नंबर घाला आधी," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अहवालावर सही केली. जीप दारात उभी. तेवढ्यात ठवकर साहेब आले. हातात कोरं करकरीत हेल्मेट, दिवा, गमबूट.

"मॅडम, अहवाल झाला, काम संपलं. आता तुम्ही कामावर नाही, आमच्या पाहुण्या. पाहुण्याले न्यायला मी वरून परवानगी आणलीय. चला. बोगदा दाखवतो तुम्हाला, सगळा."

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू! त्यांनी तिथंच पायरीवर बसून गमबूट घातले. हेल्मेट चढवलं, पट्टा हनुवटीखाली आवळला. आम्ही बोगद्याच्या तोंडाशी गेलो. आतून गार हवा येत होती. हजेरी घेणारा बाबू पेन घेऊन उभा होता.

"माझ्या नावापुढं काय लिहिणार?" मॅडमनी विचारलं.

"पाहुणे, जी."

"भूवैज्ञानिक लिहाल?"

बाबूनं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "मनात तर माझ्या तेच हाय मॅडम. पण ते कायद्यात बसत नाही. कामावर म्हणून नाही नेता येत."

मॅडम काळोखाकडं बघत राहिल्या. भिंतीवर अगदी आत, जिथवर उजेड पोचत होता तिथवर, अभ्रक चमकत होतं. एक पाऊल टाकलं असतं तर पहिली घडी हाताला लागली असती. मला वाटलं जातील. जावं असं मला फार वाटत होतं. मी मनात म्हणत होतो, जा ना बाई, कोण बघतंय.

त्यांनी पट्टा सोडला अन् हेल्मेट साहेबांच्या हातात दिलं.

"मग राहू द्या, साहेब. पाहुणी म्हणून दगड बघायला मी आले नव्हते."

त्या परत येऊन त्याच पायरीवर बसल्या, गमबूट काढले, कॅनव्हासचे बूट घातले अन् नाड्या बांधल्या. जीपमध्ये पुढं बसल्या. ठवकर साहेब ते हेल्मेट छातीशी धरून तिथंच उभे राहिले, जीप दिसेनाशी होईपर्यंत.

त्या माथ्यावर खाण मी निवृत्त होईपर्यंत चालली. पोरं शिकली, लग्नं झाली, शाळेला दुसरा मजला चढला. वैरागडे मॅडम त्या खाणीत कधीच उतरल्या नाहीत.